भाषाविज्ञानाचे परदेशी पदव्युत्तर अध्ययन

भाषाविज्ञानाचे परदेशी पदव्युत्तर अध्ययन : स्वदेशाबाहेरील विद्यापीठात नाव नोंदवून भाषाविज्ञान या विषयातील संशोधनप्रधान पदव्युत्तर पदवी संपादन करण्याची शैक्षणिक प्रथा. एखादी परकी भाषा शिकण्यासाठी केलेल्या परदेशवासाहून ही प्रथा वेगळी आहे. भाषा या घटिताची ध्वनी, रूप, वाक्य, अर्थ व समाजव्यवहार या अंगांनी चिकित्सा करण्याची पद्धती आत्मसात करणे, हा तिचा हेतू होय. असा विद्यार्थी बहुधा स्वतःच्या मातृभाषेवर किंवा तिच्या एखाद्या बोलीवर काम करतो. त्यामुळे आपली भाषा समजून घेण्यासाठी दूरच्या देशी जावयाचे आणि तेथे शिकलेली दृष्टी घेऊन पुन्हा आपल्याच गावी माहिती गोळा करण्यास यावयाचे, असा दुहेरी प्रवास त्याला करावा लागतो. महाराष्ट्रात या प्रथेला शंभर वर्षांहून अधिक काळाची परंपरा असून मराठीच्या आधुनिक अभ्यासाची घडण बऱ्याच अंशी तिच्यातून झाली आहे.

स्वरूप : संशोधनप्रधान पदव्युत्तर पदवीत व्याख्याने व परीक्षा यांना दुय्यम स्थान असते आणि स्वतंत्र प्रबंधिकेला प्राधान्य असते. देशपरत्वे तिची रूपे भिन्न आहेत. नेदर्लंड्समध्ये ती दोन वर्षांची व १२० श्रेयांकांची असून तिचा रोख पुढील पीएच.डी.कडे असतो. ब्रिटनमध्ये एम्.फिल. व संशोधनाधिष्ठित एम्.ए. अशी नावे रूढ आहेत. कॅनडात प्रबंधिकेसह एम्.ए. करता येते. अमेरिकेत मात्र अनेक विद्यापीठे विद्यार्थ्याला सरळ पीएच.डी.साठी प्रवेश देतात व पदव्युत्तर पदवी ही वाटेतील एक पायरी ठरते. भारतात एम्.ए. व पीएच.डी. यांच्या दरम्यान असलेली एम्.फिल. ही पदवी दीर्घकाळ हेच कार्य करीत होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांन्वये ती बंद करण्यात आली. परिणामी, पीएच.डी.पूर्वी संशोधनाचा मर्यादित पण स्वतंत्र अनुभव देणारी ही पायरी देशातील विद्यापीठांतून नाहीशी झाली.

पूर्वपीठिका : तौलनिक भाषाशास्त्राचा उदय एकोणिसाव्या शतकात जर्मनीत झाला व तेथील विद्यापीठांकडे अन्य देशांतील विद्यार्थी आकृष्ट झाले. अमेरिकन संस्कृतज्ञ विल्यम ड्वाइट व्हिटनी (१८२७–९४) याने बर्लिन व ट्यूबिंगेन येथे अध्ययन केले. जिनीव्हाचा फेर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) हा लाइपसिक येथे विद्यार्थी असतानाच इंडो-यूरोपीय स्वरव्यवस्थेवरील त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता. आधुनिक भाषाविज्ञानाच्या या प्रवर्तकांची घडण अशा रीतीने परक्या विद्यापीठात झाली.

महाराष्ट्रात हे शास्त्र प्रथम जर्मन अध्यापकांच्या द्वारे पोहोचले. मार्टिन हाउग हे १८५९ ते १८६६ या काळात व त्यांच्यानंतर फ्रांट्स कीलहॉर्न हे १८८१ पर्यंत पुण्यात संस्कृतचे अध्यापक होते. मराठीचे व्याकरण व कोश यांची परंपरा त्यापूर्वीच सुरू झाली होती. विल्यम केरीचे व्याकरण १८०५ मध्ये, मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये व दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि मराठीचा इतिहास तौलनिक दृष्टीने मांडण्याचे श्रेय रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याकडे जाते. त्यांची विल्सन भाषाशास्त्रविषयक व्याख्याने १८७७ मध्ये झाली. भांडारकरांचे शिक्षण संपूर्णपणे भारतात झाले होते. गटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये त्यांना सन्मान्य पदवी दिली, ती त्यांनी येथे राहून केलेल्या कार्याची पावती होती. परदेशी गेल्यावाचून या शास्त्रात प्रावीण्य मिळत नाही, हा समज म्हणूनच इतिहासाला धरून नाही.

जर्मनी, फ्रान्स व इंग्लंड : परदेशात रीतसर विद्यार्थी म्हणून जाऊन भाषाशास्त्राची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या मराठी अभ्यासकांत पांडुरंग दामोदर गुणे (१८८४–१९२२) यांची गणना होते. लाइपसिक विद्यापीठाने त्यांना १९१३ मध्ये पीएच.डी. दिली. लाइपसिक हे त्या काळी ध्वनिपरिवर्तनाचे नियम अपवादरहित असतात असे मानणाऱ्या नव्य व्याकरणकारांचे केंद्र होते व कार्ल ब्रुग्मान हे तेथे अध्यापन करीत होते. १९१३-१४ या वर्षी लेनर्ड ब्लूमफील्ड हा अमेरिकन व न्यिकलाय त्रुबेत्स्कोई हा रशियन असे दोन तरुण अभ्यासकही तेथे आले. यांपैकी पहिल्याने पुढे अमेरिकेतील वर्णनात्मक भाषाविज्ञानाचा आणि दुसऱ्याने प्राग येथील स्वनिमविचाराचा पाया घातला. गुणे पुण्यास परतले व फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करू लागले. तौलनिक भाषाशास्त्राचा परिचय करून देणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले व भारतीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी ते क्रमिक पुस्तक म्हणून वापरले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाल्याने त्यांच्या कार्याला मात्र अकाली खंड पडला.

याच सुमारास मराठीच्या अभ्यासाचे एक केंद्र पॅरिस येथे निर्माण झाले. झ्यूल ब्लॉक (१८८०–१९५३) यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये प्रकाशित झाला. एखाद्या अर्वाचीन भारतीय आर्य भाषेचा असा सांगोपांग इतिहास तोवर लिहिला गेला नव्हता. पॅरिस येथेच कात्यायनाच्या वार्तिकांवर प्रबंध लिहिणारे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी ब्लॉक यांच्या ग्रंथाचा मराठी भाषेचा विकास  हा अनुवाद १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये झाले. म्हणजे या ग्रंथापुरते मराठी वाचकाला इंग्रजी वाचकाच्या सुमारे तीस वर्षे आधी ज्ञान उपलब्ध झाले. परदेशात शिकून आलेल्या एका अभ्यासकाने ती भाषा जाणली व तिच्यातील ज्ञान स्वभाषेत आणणे आपले कर्तव्य मानले, म्हणून हे घडले.

लंडन येथे राल्फ लिली टर्नर यांच्याभोवती भारतीय विद्यार्थ्यांचा मेळावा जमला. टर्नर यांनी मराठीतील आघाताच्या प्रश्नावर १९१६ मध्येच लेखन केले होते. सुनीतिकुमार चतर्जी यांनी लंडन (१९२१) व पॅरिस या दोन्ही ठिकाणी अध्ययन करून बंगालीच्या उत्पत्ती-विकासावरील आपला बृहद्ग्रंथ १९२६ मध्ये प्रकाशित केला. त्याला ब्लॉक यांच्या ग्रंथाचा आदर्श होता. सुमित्र मंगेश कत्रे (१९०६–९८) यांनी १९३१ मध्ये लंडनची पीएच.डी. मिळविली. ते स्वतः कोकणीभाषक होते व कोकणीच्या घडणीवर त्यांनी ग्रंथ लिहिला. १९४२ पासून सुमारे तीन दशके ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संचालक होते व या संस्थेला आलेले महत्त्व पुष्कळसे त्यांच्या संघटनकौशल्याचे फळ होय.

नारायण गोविंद कालेलकर (१९०९–८९) यांचे शिक्षणही पॅरिस येथे झाले. फ्रेंच परंपरेतील भाषाविचार त्यांनी ध्वनिविचार (१९५५) व भाषा : इतिहास आणि भूगोल (१९६४) यांसारख्या ग्रंथांतून सुबोध मराठीत मांडला. दुसऱ्या ग्रंथास १९६७ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. भाषाविज्ञानाचे मराठी लेखन विद्यापीठाबाहेरील सुशिक्षित वाचकाला वाचनीय वाटू शकते, हे कालेलकरांनी दाखवून दिले. स्वन, स्वनिम, रूपिका यांसारखे पारिभाषिक शब्द मराठीत स्थिरावण्यास अशा लेखनाची मोठी मदत झाली.

अमेरिकेशी देवघेव : दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रवाहाची दिशा अमेरिकेकडे वळली. डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद पडले होते; १९३९ मध्ये ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९५४ च्या सुमारास तेथे भाषाविषयक प्रकल्प हाती घेण्यात आला. उन्हाळी व हिवाळी वर्ग भरविण्यात आले, अमेरिकन अध्यापक पुण्यात आले व भारतीय तरुणांना अमेरिकेत अध्ययनाची संधी मिळाली. ब्लूमफील्डप्रणीत वर्णनात्मक पद्धती अशा रीतीने पुण्यास पोहोचली. गुणे ज्या लाइपसिकमध्ये शिकले, तेथेच एके काळी विद्यार्थी असलेल्या ब्लूमफील्डचा विचार चार दशकांनी अमेरिकेतून गुण्यांच्या गावी आला, हा या इतिहासातील लक्षणीय योग म्हणावा लागेल.

या काळातील सर्वांत महत्त्वाचे मराठी अभ्यासक म्हणजे अशोक रामचंद्र केळकर (१९२९–२०१४) हे होत. मराठीची स्वनिमव्यवस्था व रूपव्यवस्था या विषयावरील प्रबंधास कॉर्नेल विद्यापीठाने १९५८ मध्ये पीएच.डी. दिली. परत आल्यावर त्यांनी आग्रा व नंतर डेक्कन कॉलेज येथे अध्यापन केले. हिंदी-उर्दूवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरायुष्यात त्यांनी विपुल मराठी लेखन केले व रुजुवात या ग्रंथासाठी त्यांना २०१० चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. तथापि त्यांचा मूळ प्रबंध इंग्रजीतच राहिला. ज्या भाषेचे वर्णन त्यात आहे, त्या भाषेच्या बहुसंख्य वाचकांपर्यंत तो पोहोचला नाही. परदेशी पदवीसाठी लिहिलेल्या अनेक प्रबंधांची हीच स्थिती आहे.

उलट प्रवाह : भाषाविज्ञानाचे परदेशी विद्यार्थी महाराष्ट्रातही आले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे भारतातील पहिले कार्यालय डेक्कन कॉलेजच्या आवारात होते. फ्रँक्लिन साउथवर्थ यांनी नरेश कवडी यांच्या सहकार्याने बोलभाषेतील मराठीचे पाठ्यपुस्तक (१९६५) तयार केले. मराठीच्या उगमात द्राविडी व आर्य भाषकांच्या संमिश्र व्यवहाराचा वाटा असावा, असा विचार साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये मांडला. त्याच वर्षी जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांचा सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाच्या भाषाव्यवहारावरील निबंध प्रसिद्ध झाला. तेथे कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू या भाषा शतकानुशतके शेजारी नांदत आल्याने शब्द आपापले राहिले, पण वाक्यांचा सांगाडा जवळजवळ एकच झाला, असे त्यांनी दाखविले. कुपवाडचे नाव त्यामुळे जगभरच्या भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

मॅक्सीन बर्नसन यांचे उदाहरण याहून निराळे आहे. फलटण (जि. सातारा) येथील लोकांच्या बोलण्यातील भाषिक भेद हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९७३ मध्ये त्यांना पीएच.डी. दिली. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी मराठीचे संदर्भ-व्याकरण (१९७५) व परभाषकांसाठी पाठ्यपुस्तके तयार केली. मात्र पदवी मिळाल्यावर त्या मायदेशी स्थायिक झाल्या नाहीत. १९७८ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि फलटणमध्येच दलित व गरीब वस्त्यांतील मुलांना मराठी वाचन-लेखन शिकविण्याचे काम केले. प्रगत शिक्षण संस्था व कमला निंबकर बालभवन ही शाळा या कार्यातून उभी राहिली. मुलाची घरची बोली ही चूक नसून शिक्षणाची सुरुवात तेथूनच करावयाची असते, हे भाषाविज्ञानाचे तत्त्व त्यांनी वर्गात प्रत्यक्षात आणले.

क्षेत्रकार्य व बोलींचा प्रश्न : मराठीच्या बोलींची पहिली व्यापक नोंद ग्रीअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) आढळते. पुढे अमृत माधव घाटगे यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळासाठी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची माला १९६३ पासून सिद्ध केली. तिचा भर मुख्यतः कोकण, गोवा व किनारपट्टीवर होता. राज्याच्या अंतर्भागातील, विशेषतः मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेवरील बोलींत संशोधनास त्यामुळे पुष्कळ वाव राहिला. [→ बोलीभाषा].

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा हे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. परभणी जिल्ह्यातून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी निर्माण झाला. संस्थानी काळात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती व १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. परिसरात मराठीबरोबरच उर्दू व बंजारा तांड्यांवरील गोरमाटी ऐकू येते. उत्तरेस वाशीम जिल्हा लागून असल्याने वऱ्हाडीशी नित्याचा संपर्क आहे. जवळचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या आदिग्रंथात समाविष्ट आहेत. म्हणजे परप्रांतात जाऊन परभाषेशी नाते जोडण्याची परंपरा या भूमीला नवी नाही.

या टापूतील बोलींचा एकच विशेष पाहिला, तरी संशोधनाची शक्यता स्पष्ट होते. चालू क्रिया दर्शविण्यासाठी प्रमाण मराठीत ‘मी काम करत आहे’ असे म्हणतात. मराठवाड्याच्या बऱ्याच भागात त्याच अर्थी ‘मी काम करायलो’ असा प्रयोग होतो. परभणी-हिंगोलीकडे ‘मी काम करू लागलो’ असेही ऐकू येते. वऱ्हाडीत ‘मी काम करून राहिलो’ हे रूप रूढ आहे. ‘करू लागलो’ या रूपाचा प्रमाण मराठीतील अर्थ ‘करण्यास सुरुवात केली’ असा असल्याने पुण्या-मुंबईच्या श्रोत्याचा गैरसमज होण्याचा संभव असतो. ही रूपे कोठे एकमेकांना भिडतात, एकच व्यक्ती ती आलटून पालटून वापरते काय, वय, जात, शिक्षण व लिंग यांनुसार निवड बदलते काय, शाळेत व बाजारात वेगळे रूप येते काय, हे प्रश्न दोन वर्षांच्या संशोधनप्रधान पदवीला पुरेसे आहेत. त्यांसाठी ध्वनिमुद्रण, आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतील लेखन, प्रश्नावली व निवेदकांची समजून-उमजून दिलेली संमती एवढी साधने लागतात. अशा गावातून आलेल्या विद्यार्थ्याला या रूपांचा अर्थ दुसऱ्याकडून समजावून घ्यावा लागत नाही, ही त्याची जमेची बाजू होय. मात्र जे आपल्याला सहज वाटते तेच इतरांना अपरिचित असते, हे ओळखण्यास त्याला पद्धतीचे शिक्षण हवे असते.

शेजारच्या भाषांचेही असेच आहे. यवतमाळ व नांदेड भागांतील कोलामी या द्राविडी भाषेचे वर्णन मरी बी. एमेनो या कॅनडात जन्मलेल्या व अमेरिकेत शिकलेल्या अभ्यासकाने १९५५ मध्ये प्रकाशित केले. रोनल्ड ट्रेल यांचे लमाणीचे व्याकरण १९७० चे आहे. ज्यांच्या या भाषा आहेत त्या समाजांतील विद्यार्थ्यांनी लिहिलेली शास्त्रीय व्याकरणे मात्र विरळा आहेत.

साधने व अडचणी : परदेशी शिक्षणासाठी प्रारंभी संस्थानिकांच्या शिष्यवृत्त्या हाच मोठा आधार होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले व १९१५ मध्ये एम्.ए. झाले, हे त्याचे सर्वश्रुत उदाहरण होय. स्वातंत्र्योत्तर काळात १९५० पासून फुलब्राइट योजना, केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, ब्रिटन व जर्मनी यांच्या शिष्यवृत्त्या आणि अलीकडे यूरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस योजना उपलब्ध झाली. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे.

द्रव्याइतकीच अडचण पूर्वतयारीची असते. परदेशी विद्यापीठे संशोधनाचा आराखडा, लेखनाचा नमुना, अध्यापकांची शिफारसपत्रे व इंग्रजीच्या परीक्षेतील गुण मागतात. मराठवाड्यातील विद्यार्थी सामान्यतः मराठी किंवा इंग्रजी साहित्याचा पदवीधर असतो. ध्वनिविज्ञान किंवा वाक्यविचार यांची त्याची ओळख अभ्यासक्रमातील एखाद्या पत्रिकेपुरती असते. औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ (१९५८) व नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (१९९४) स्थापन झाल्याने उच्च शिक्षण गावाजवळ आले. त्रैवार्षिक भारतीय पदवीची चार वर्षांच्या पदवीशी समकक्षता हा आणखी एक प्रश्न होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातील चतुर्वार्षिक पदवीने तो काही अंशी सुटण्याचा मार्ग मोकळा झाला. परदेशात पोहोचल्यावर हवामान, खर्च व एकाकीपणा यांखेरीज एक सूक्ष्म अडचण जाणवते. लहानपणी शाळेत जी बोली अशुद्ध म्हणून दुरुस्त केली गेली, तीच आता मोलाची सामग्री म्हणून परक्या भाषेतील प्रबंधात मांडावयाची असते.

मूल्यमापन : या परंपरेने मराठीला ऐतिहासिक व्याकरण, वर्णनाची पद्धती, परिभाषा व समाजभाषाविज्ञानाची दृष्टी दिली. तिच्यातील उणीवही तितकीच स्पष्ट आहे. सामग्री खेड्यातून जाते, प्रबंध परदेशी ग्रंथालयात राहतो आणि ज्यांनी आपले शब्द दिले त्या निवेदकांना त्याचे फलित दिसत नाही. परांजप्यांचा अनुवाद, कालेलकरांचे मराठी ग्रंथ व बर्नसन यांची शाळा हे या उणिवेवरील तीन वेगवेगळे उपाय होत. पहिल्याने ज्ञान मराठीत आणले, दुसऱ्याने ते वाचकांपर्यंत नेले व तिसऱ्याने ते मुलांच्या पाटीपर्यंत पोहोचविले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. हा गौरव मुख्यतः भाषेच्या प्राचीनतेचा व साहित्याचा आहे. साखऱ्यासारख्या गावांतील आजची बोली त्याच भाषेचे जिवंत अंग असून तिचा अभ्यास तेथील मुलामुलींनी करावा व तो त्यांच्या गावालाही वाचता यावा, यात परदेशी अध्ययनाची खरी सार्थकता आहे.